भीतीचं काम आधी

मागच्या हिवाळ्यात माझ्या जुन्या टीम लीडनं कुठल्याशा कार्यक्रमात भाषण केलं. त्याचा व्हिडिओ एका सहकाऱ्यानं मला पाठवला. निळा कोट, मागे मोठा पडदा आणि पडद्यावर आमच्याच ॲपचं चित्र. "आम्ही छोट्या छोट्या फेऱ्यांमध्ये काम केलं," तो हसत सांगत होता, "चुकत गेलो, शिकत गेलो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोन पलंगावर फेकला.

बाजूच्या खोलीतून बाबा म्हणाले, "काहून वं, काय झालं?"

तोंड उघडलं असतं तर शिव्याच निघाल्या असत्या, आणि बाबांसमोर मी अजून शिव्या देत नाही.

चुकलं कोण, शिकलं कोण आणि भोगलं कुणी, यातलं काहीच त्या भाषणात नव्हतं. ते मला माहीत आहे, कारण त्यातली एक चूक माझ्या हातची आहे. म्हणून लिहायला बसले.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटची. बाबा भरवेलीच्या खाणीत होते, आता निवृत्त आहेत. आमच्या वॉर्डात बरीचशी घरं बौद्धांची, आणि प्रत्येकाचे मामा-मावश्या गोंदिया-भंडाऱ्याकडे. मी नागपुरात शिकले, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, लॉकडाउनमध्ये बॅग घेऊन घरी आले ती परत गेलेच नाही. नागपूरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीनं घरून काम करू दिलं. खिडकीजवळ टेबल टाकलं आणि तिथेच माझं ऑफिस झालं.

पुण्यातली माझी पहिली बॉस कडक बाई होती. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं सुंदर रंगवलेलं लॉगिनचं पान बघितलं आणि विचारलं, "हे आधी का केलंस?" मी म्हटलं, सोपं होतं म्हणून. ती म्हणाली, "सोपं पळून जात नाही. ज्याची तुला भीती वाटते ते काम आधी घे."

मग तिनं मला यादी करायला शिकवलं. या कामात काय काय फसू शकतं ते सगळं लिहायचं. जे फसलं तर बाकी सगळं वाया जाईल, ते सगळ्यात वर. पहिल्या फेरीत, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत, तेवढंच घ्यायचं, त्याचं लहानसं, ओबडधोबड काहीतरी बनवायचं आणि ते जिथे खरोखर वापरलं जाणार तिथे नेऊन, वापरणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचं. मोडलं तर दोन आठवड्यांचं काम मोडतं, दोन वर्षांचं नव्हे. जे कळलं त्यावरून यादी पुन्हा लिहायची आणि पुढची फेरी. मी हे एकदा सुट्टीत घरी आले असताना बाबांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"यात शिकवाचं काय आहे?" ते म्हणाले. "आम्ही खाली उतरलो की पहिले लोखंडी सब्बलीनं छत ठोकाचो. टणक वाजलं तं ठीक. भद्द वाजलं तं समजाचं, दगड सुटला आहे. तो पाडाचा, मंगच कामाले हात लावाचा. तुमचे लोक पहिले काम करतेत अन् मंग छत ठोकतेत का?"

मी हसले होते तेव्हा.

आमच्या कंपनीकडे काम आलं ते एका सेवाभावी संस्थेचं. सिकलसेलच्या रुग्णांची नोंद ठेवणारं ॲप. हा रक्ताचा आजार आमच्या भागात घरोघर आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडांतून अशा कळा येतात की धडधाकट माणूस गुरासारखा ओरडतो. आईबापांकडून येतो. दोघांकडून आला तर माणूस रुग्ण, एकाकडून आला तर वाहक. मी वाहक आहे. माझी मावशी याच आजारानं गेली, आणि ती गेली तोवर घरात कुणाला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. "वात आहे" म्हणायचे आणि तेल चोळायचे. त्यामुळे हे काम आलं तेव्हा मी टीम लीडला स्वतःहून फोन करून सांगितलं, मला यात घ्या.

काम ऐकायला साधं होतं. आरोग्य कार्यकर्त्या गावोगाव जाऊन मुलांचं रक्त तपासणार, अहवाल आला की मोबाईलमध्ये भरणार. मोबाईल कार्ड दाखवणार: हिरवं म्हणजे आजार नाही, पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे रुग्ण. लाल कार्डांची यादी दर महिन्याला आरोग्य केंद्रात जाणार आणि त्या यादीप्रमाणे गोळ्या येणार.

पहिल्या बैठकीला मी यादी घेऊन बसले. सगळ्यात वर लिहिलं होतं, ओळख.

"सर," मी म्हटलं, "लामत्याच्या पुढे जंगलातल्या गावांत नेटवर्क नाही. दोन कार्यकर्त्या दोन मोबाईलवर नोंदी भरतील, आणि त्या नोंदी चार-चार दिवसांनी सर्व्हरवर येतील. तिकडे अर्ध्या गावाचं आडनाव एक असतं. एकाच नावाच्या, एकाच वयाच्या दोन मुली निघतील, बापाचं नावही तेच निघेल. सर्व्हर त्यांना एकच समजला तर?"

लीड हसला. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण वाईट असता तर सोपं झालं असतं. बोलायला गोड, वाढदिवस लक्षात ठेवणारा. "अगं, तू सुरुवातच अपशकुनानं करतेस," तो म्हणाला. "क्लायंटला दोन आठवड्यांत काहीतरी दिसलं पाहिजे. आधी स्क्रीन दाखवू. लोकांचा विश्वास बसू दे."

"पण सर, हेच फसलं तर स्क्रीनचा काय उपयोग? मला एक गाव द्या. दोन मोबाईल घेऊन जाते, दोन दिवसांत परत येते."

"घेऊ ना. पुढच्या फेरीत घेऊ."

दर दोन आठवड्यांनी फेरी संपायची. संस्थेच्या लोकांना ऑनलाइन बोलावून झालेलं काम दाखवायचं. पहिल्या फेरीत लॉगिन. दुसऱ्या फेरीत मुखपृष्ठ. तिसरीत कार्डांचे रंग, चौथीत ते रंग बदलले, पाचवीत पहिलेच परत आणले. सगळे "छान, छान" म्हणायचे. यादीतली माझी ओळ प्रत्येक बैठकीत एक पायरी खाली सरकायची. सात महिने आम्ही घाण्याच्या बैलासारखे फिरलो आणि त्याला प्रगती म्हणालो. फेऱ्या मारल्या म्हणजे पुढे गेलो असं वाटणाऱ्या माणसाला काय समजावणार?

सहाव्या-सातव्या फेरीत कधीतरी लीडनं मला सांगितलं, "सध्या असं कर. नाव, बापाचं नाव, गाव आणि वय जुळलं की नोंद एकच समज. नंतर आलेली ठेव. तात्पुरतं."

मी ते लिहिलं. हो, मीच लिहिलं. त्याच्यावर मी 'तात्पुरतं, बघायचं आहे' अशी टीपही टाकली आणि माझं कर्तव्य झालं असं समजले. त्या टिपेचा मला आज जितका राग येतो तितका लीडच्या निळ्या कोटाचाही येत नाही.

सुरुवात एका गावात करायची, हे माझं म्हणणं शेवटपर्यंत कुणी ऐकलं नाही. पाहुणे भोपाळहून येणार होते. त्यामुळे सगळ्या गावांत एकाच दिवशी. बालाघाटला हॉल घेतला, कार्यकर्त्यांना बोलावलं, सकाळी प्रशिक्षण आणि दुपारी उद्घाटन. प्रशिक्षण मी दिलं. संस्थेच्या माणसानं माईक हातात घेऊन सांगितलं की आजपासून कागदी वह्या बंद, दोन ठिकाणी लिहायची गरज नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांना माझा नंबर दिला, काही अडलं तर फोन करा म्हणून.

तिसऱ्या महिन्यात तक्रारींच्या पानावर एक ओळ आली. लामत्याकडच्या एका कार्यकर्तीची. "एक लडकी कम दिख रही है।"

मी ती वाचली. शेजारी लिहिलं, 'तपासते'. त्याच दिवशी संस्थेला त्यांच्या सादरीकरणासाठी जिल्ह्याचा नकाशा हवा होता, ज्यावर गावं दिव्यांसारखी चमकतील. लीड म्हणाला, सगळं सोड आणि हे कर. मी सगळं सोडलं. आठवड्यानं पाहिलं तर त्या तक्रारीसमोर त्यानं लिहिलं होतं, 'वापरणाऱ्याची चूक, पुन्हा प्रशिक्षण द्यावे', आणि तक्रार बंद केली होती. मला वाटलं, त्यानं बघितलं असेल. त्याला वाटलं असेल, मी बघितलं. नकाशा मात्र फार सुंदर झाला.

जानेवारीत एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तुम्ही त्या मोबाईलवाल्या म्याडम का?"

"हो. कोण बोलतंय?"

"मी लामत्याकडून आलो. तुम्ही आमाले शिकवलं होतं ना हॉलमधी, तिथं होतो मी." बाईच बोलत होती, आमच्याकडे बायकाही 'आलो, गेलो'च म्हणतात. "एक पोट्टी घेऊन सरकारी दवाखान्यात आलो आहो. तुमचं घर इथंच हाय म्हणे. येऊन पाह्यजा जरा."

"काय झालं ताई?"

"या तुम्ही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गेले. वॉर्डाच्या दाराशी ती उभी होती. पन्नाशीची, बारीक अंगाची, स्वेटरवरून पदर घट्ट खोचलेला. मुलीचा पलंग तिनं मला हातानं दाखवला, सोबत आली नाही. बारा वर्षांची मुलगी कुशीवर मुडपून पडली होती. एका हाताला रक्ताची पिशवी लावलेली. ती ओरडत नव्हती. ओरडून संपलं होतं बहुतेक. तिची आई पायाशी बसून तिच्या पोटऱ्या धरून होती. चोळत नव्हती, नुसती धरून.

बाहेर व्हरांड्यात कार्यकर्ती ताईनं सांगितलं ते असं. या मुलीचा अहवाल आला तेव्हा तिनंच कार्ड भरलं होतं, लाल. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पहिला महिना मिळाल्या. दुसऱ्या महिन्यात यादीत नावच नाही. मोबाईलमध्ये पाहिलं तर मुलीचं कार्ड हिरवं.

"मी म्हटलं, असं कसं? माह्या हातानं लाल भरलं. तुमच्या त्या पानावर तक्रार लिवली. काही नाही आलं. केंद्रात गेलतो, तं ते म्हणतेत, यादी वरून येते, नाव नाही तं गोळ्या कशा देऊ? माह्याजवळ उरलेल्या होत्या त्या थोडे दिवस पुरवल्या. मंग संपल्या." तिनं पिशवीतून एक वही काढली, लांबट, पुठ्ठ्याची. "तुम्ही म्हटलं होतं वही बंद करा. मी नाही केली. हे पाहा."

वहीत मुलीचं नाव होतं, बापाचं नाव, टोला म्हणजे वस्ती, अहवालाची तारीख, आणि समोर लाल पेनानं मोठा गोल. दोन पानं उलटून तिनं दुसरं नाव दाखवलं. तेच नाव. बापाचं नाव तेच, आडनाव तेच, वय तेच. खालच्या टोल्यावरची मुलगी, दुसरं घर, दुसरा बाप. ती निरोगी होती. तिची नोंद दुसऱ्या कार्यकर्तीनं केली होती, तीन आठवड्यांनी.

मला समजायला काहीच वेळ लागला नाही. लागायला हवा होता असं अजून वाटतं. नाव, बापाचं नाव, गाव, वय. नंतर आलेली ठेव.

"शाळेत खेळाची तयारी चालू होती," ताई सांगत होती. "शाळेलेही ते कार्ड दिसते; सरांनी मोबाईल पाह्यला, हिरवं, म्हणजे पोट्टी ठीक. थंडीत पळवली. दोन चक्कर मारले अन् खाली बसली."

ताई माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मी रडून मोकळी झाले असते. ती फक्त वही पुन्हा पिशवीत ठेवत म्हणाली, "आता काय कराचं ते सांगा."

त्या आठवड्यात मी रोज दवाखान्यात गेले. मुलगी वाचली. पण तपासणीत निघालं की तिच्या उजव्या खुब्याचं हाड खराब होऊ लागलं आहे. मी डॉक्टरांना विचारलं, गोळ्या चालू असत्या तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही. पण चालू असायला हव्या होत्या." या उत्तरात मला कुठेच लपायला जागा नव्हती.

मुलगी घरी गेल्यावर मी दोन जुने मोबाईल घेऊन लामत्याला गेले. ताईंच्या ओसरीवर बसले. त्यांनी चहा ठेवला. मी दोन्ही मोबाईलचं नेट बंद केलं आणि दोन खोट्या मुली भरल्या. एकीला लाल कार्ड, दुसरीला हिरवं. बाकी सगळं तेच. मग आम्ही दोघी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेलो, कारण तिथे नेटवर्क मिळतं. आधी लाल मुलीचा मोबाईल चालू केला, मग दुसरा. पडद्यावरचं छोटं चक्र फिरलं आणि थांबलं. लाल मुलगी नाहीशी झाली होती.

परत आलो तेव्हा चहा अजून गरम होता.

ताईंनी दोन्ही मोबाईल हातात धरून आलटून पालटून पाहिले. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "एवढं तं तुम्ही पहिल्याच दिवशी मले विचारलं असतं तरी मी सांगतलं असतं. त्या नावाच्या या गावात पाच पोट्ट्या हायेत, बाई. एकीले लहानी म्हणतेत, एकीले टाकीवाली. मोबाईलले काय मालूम?"

सात महिने. चौदा फेऱ्या. चौदा वेळा आम्ही कॅमेऱ्यासमोर बसून एकमेकांना "छान" म्हणालो. आणि हे सगळं तपासायला एक चहा पुरला. मी ओसरीवर बसून इतकी चिडले की ताईंनी मला पाणी आणून दिलं. ज्या बाईची मी गुन्हेगार होते ती मला पाणी देत होती.

दोन दिवसांनी व्हिडिओवर बैठक झाली. लीड, संस्थेच्या समन्वयक बाई आणि मी. लाल मुलगी कशी नाहीशी होते ते मी त्यांना करून दाखवलं.

लीड म्हणाला, "हे अगदी अपवादात्मक प्रकरण आहे. हजारांत एखादं."

"कुठल्या हजारांत, सर? मोजलंत?"

"हे बघ, तू भावनिक होते आहेस. आपण फेऱ्याफेऱ्यांनीच काम करतो ना? हीच तर या पद्धतीची गंमत आहे. चूक सापडली, पुढच्या फेरीत दुरुस्त करू."

"गंमत?" मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की बाबा दारात येऊन उभे राहिले. "फेरी मारायची ती चूक लवकर सापडावी म्हणून, सर. माणूस वापरायला लागायच्या आधी सापडावी म्हणून. आपल्याला माहीत होतं ती कुठे आहे. पहिल्या दिवशी माहीत होतं. आपण मुद्दाम तिच्या भोवतीनं फिरलो, आणि ती सापडली एका पोरीच्या हाडात!"

"हे जरा जास्त होतंय," लीड म्हणाला.

समन्वयक बाई मध्ये पडल्या. त्यांनी विचारलं, "मला एवढंच सांगा. आत्ता, या क्षणी, अशी आणखी किती मुलं आहेत?"

कुणालाच माहीत नव्हतं. कळायला मार्गही नव्हता, कारण माझ्या त्या ओळीनं जुन्या नोंदीचा मागसुद्धा ठेवला नव्हता. लीड पहिल्यांदा खाली बघू लागला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. माफी मागेल. तो म्हणाला, "माझी दुसरी मीटिंग आहे," आणि चौकटीतून निघून गेला.

त्या बाईंनी मात्र त्याच दिवशी ॲप थांबवलं. त्यांना ते संस्थेत जड गेलं असणार. नकाशा तोवर भोपाळपर्यंत चमकून आला होता. मग आम्ही गावोगावच्या कार्यकर्त्यांना वह्या मागितल्या. काहींनी आमचं ऐकून वह्या रद्दीत घातल्या होत्या. त्या गावांत रक्ताची तपासणी पुन्हा करावी लागली, मुलांच्या बोटांना पुन्हा सुया. बाकी वह्या मी एकेक ओळ घेऊन सर्व्हरशी ताडून पाहिल्या. लामत्याची मुलगी एकटी नव्हती. आकडा इथे लिहीत नाही. लिहिला की लोक म्हणतील, बस एवढेच?

मी कंपनीत आणखी तीन महिने राहिले आणि काम पहिल्यापासून केलं. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. एक गाव, दोन कार्यकर्त्या, दोन मोबाईल, आणि गावातली सगळ्यात गोंधळाची नावं आधी. मुलीला लहानी म्हणतात की टाकीवाली, तेही लिहायची जागा केली. प्रत्येक मुलाच्या कार्डाला छापील क्रमांक. सर्व्हरनं स्वतःच्या अकलेनं कुणाला कुणात मिसळायचं नाही. शंका आली तर कार्यकर्तीला विचारायचं. पहिल्या फेरीत आम्हाला कळलं की उन्हात पिवळं आणि हिरवं सारखंच दिसतं, म्हणून रंगासोबत शब्द टाकले. दुसरीत कळलं की शाळेत लिहिलेलं वय आणि घरचं वय वेगळं असतं. प्रत्येक वेळी मोडलं, आणि प्रत्येक वेळी आमच्या समोर, ओसरीवर मोडलं. दिसायला ते ॲप भिकार होतं. लीडनं ते पाहून विचारलं होतं, "हे क्लायंटला दाखवणार कसं?"

सगळ्या गावांत ते नीट चालू झालं त्या दिवशी मी राजीनामा पाठवला. उत्तरादाखल मला फुलांच्या गुच्छाचं चित्र आलं.

आता मी बालाघाटमध्येच लहानसहान कामं करते. वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये गेले होते, तिथे मालकाला पहिलाच प्रश्न विचारला, "यात काय फसलं तर तुमचं सगळं बंद पडेल?" तो म्हणाला, "मॅडम, शुभ बोला." मी त्याच्यावर नको इतकी भडकले. काम गेलं. बाबा म्हणाले, "त्या माणसाची काय गलती होती वं?" नव्हती. पण राग माझ्यात साचून आहे आणि तो पत्ता बघून बाहेर पडत नाही.

तो व्हिडिओ पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मी लामत्याला गेले होते. मुलगी आता आठवीत आहे. गोळ्या नियमित मिळतात. चालताना उजवा पाय ओढते. मला बघून ती आत गेली आणि दाराआडून बघत राहिली. तिच्या आईनं खाट टाकली, मला बसवलं. त्या घरात हिंदी बोलतात.

"दीदी," आई म्हणाली, "वो मोबाईल वाला अब ठीक हो गया क्या?"

"हाँ," मी म्हटलं. "अब ठीक है।"

तिनं मान हलवली. मग तिनं अगदी साधेपणानं, खरोखर माहिती हवी म्हणून विचारलं, "तो पहले ही ठीक करके क्यों नहीं लाए थे?"

मी तिला यादी, फेऱ्या, लीड, भोपाळचे पाहुणे, काहीच सांगितलं नाही. म्हटलं, "ग़लती हमारी थी।" आणि मी तिथून उठले.